बारा शब्दांचा उखाणा

माझ्या बायकोने आमच्या तिजोरीची किल्ली चारशे लोकांसमोर, माइकवरून, यमक जुळवून जाहीर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पहिल्या दोन ओळींपर्यंत.

आता तिजोरी म्हणजे लोखंडी कपाट नव्हे. ती माझ्या मोबाइलमध्ये होती. मी सिंदेवाहीजवळच्या एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, लोकांना दाखले काढून देतो. त्यामुळे कॉम्प्युटरच्या आतलं सगळंच मला कळतं, असा घरात आणि गावात समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. (तिथेच चुकलं!) अशा माणसाला क्रिप्टोचा नाद लागायला कितीसा वेळ लागणार? तो लागला आणि मी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर भरणाऱ्या क्रिप्टो मंडळाचा सभासद झालो.

मंडळात आम्ही अकरा जण. त्यांतले दोन खांब म्हणजे धनराज मास्तर आणि राजूभाऊ. मास्तर गणित शिकवतात, शाळेत कमी आणि टपरीवर जास्त. राजूभाऊ कूलर विकतो. नाण्यांचा भाव चढला की नाण्यांवर बोलायचं आणि पडला की उरलेल्या जगावर बोलायचं, असा मंडळाचा रिवाज होता. भाव बहुतेक पडलेलाच असायचा, त्यामुळे आमचं सामान्यज्ञान फार वाढलं.

"हे नाणे काढाले म्हंते मशिनी रातदिवस चालतेत," कुणीतरी सुरू करायचं. "किती कोळसा जळत असन? म्हणूनच आपलं चंद्रपूर तापून राह्यलं!"

"तापू दे ना बाप्पा," राजूभाऊ म्हणायचा. "तापलं नाई तं माये कूलर कोन घेईन?"

"अरे, पन पृथ्वी संपून राह्यली ना!"

"संपू दे. फक्त मे महिना झाल्यावर संपू दे."

हवामानाचा असा निकाल लागला की मास्तर कोडं घालायचे. एकदा त्यांनी घातलं, "एका नावाड्याले वाघ, बकरी आन् गवताचा भारा नदीपार न्याचा हाये. डोंग्यात एका वक्ताले एकच मावते. कसा नेईन?"

हे कोडं आमच्या जिल्ह्यात सुटण्यासारखं नव्हतं.

"पहिले वनविभागाले फोन करा लागन," एक जण म्हणाला.

"वाघ डोंग्यात बसल्यावर नावाडी कायले बसन जी?" दुसरा म्हणाला.

"आन् बकरीचा पंचनामा कोन करन?" राजूभाऊने विचारलं.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. पण कोड्यांचं त्यांना खरोखरच वेड. एखादं अडलं की ते उत्तर सापडेपर्यंत घरी जेवायला जात नसत.

या मंडळात माझा मान मोठा होता. तुमच्याजवळ किती नाणी आहेत, असं कुणी विचारलं की मी नुसता हसायचो आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकायचो. हळूहळू मला 'मोठा मासा' म्हणायला लागले. मी तेही खोडून काढलं नाही.

खरी गोष्ट अशी. माझी बायको वंदना शिवणकाम करते. तिने भिशीचे चाळीस हजार पिठाच्या चक्कीसाठी जमवले होते. घराच्या पडवीत चक्की टाकायची, हे तिचं पाच वर्षांचं स्वप्न. मी म्हटलं, "वंदना, चक्की कायले, दोन चक्क्या घेऊ!" आणि ते पैसे एका नाण्यात लावले. नाण्यावर घोरपडीचं चित्र होतं. घोरपड भिंतीला चिकटली की सुटत नाही, म्हणून हा भाव कधी घसरणारच नाही, असा मी मंडळात सिद्धांत मांडला होता आणि सगळ्यांना 'तुमीबी लावा' म्हटलं होतं. महिनाभरात ती घोरपड अशी घसरली की चाळिसाचे साडेसहा हजार झाले!

आणि वंदनाला मी काय सांगितलं? "दुप्पट झाले." का सांगितलं? भ्यालो म्हणून. दुसरं कारण नाही.

"मंग काढा ना," ती म्हणायची.

"आता काढाचे नसते व. अजून चढून राह्यले."

शेवटी ती म्हणाली, "पैसे माये हायेत, तं किल्लीबी मले पायजे." रास्त मागणी होती. या तिजोरीची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ओळीने तेच बारा शब्द ज्याला ठाऊक, तो जगातून कुठूनही तिजोरी उघडू शकतो. मास्तरांची ताकीद होती की शब्द कागदावर लिहायचे नाहीत, मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत, डोक्यात ठेवायचे. म्हणून मी तिच्याकडून ते तोंडपाठ करून घ्यायला बसलो. दोन दिवस तिचा नुसता गोंधळ! तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिने बाराच्या बारा शब्द धाडधाड म्हणून दाखवले. मी थक्क झालो.

"कसे काय लक्षात राह्यले व?"

"राह्यले," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याची चौकशी मी करायला हवी होती.

त्यानंतर आठ दिवसांनी तिच्या माहेरी, जंगलातल्या एका गावात, तिच्या चुलतभावाचं लग्न होतं. अख्खं मंडळ पाहुणं! नवरदेव राजूभाऊचा भाचा होता आणि मास्तरांचा विद्यार्थी. लग्न लागलं, पंगत बसली, आणि डीजेवाल्याने माइक बायकांच्या हाती दिला. एकेकीला नाव घ्यायचा आग्रह सुरू झाला. वंदनाची पाळी आली. ती जरा लाजली, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली:

"टायगरच्या जंगलात लेमनचं झाड,
विंडोतून पाहाले गेली तं अंकल आला आड,
किचनमंदी पोटॅटो, अम्ब्रेला दारात,
मंकी निघाला बायसिकलवर स्कूलले जोरात,
एलिफंटवर बसाले टिकटचा भाव,
प्रमोदरावांचं घेते मी सगळ्यायसमोर नाव!"

मांडव दणाणला. "वा वा, वंदनाबाई!" "इंग्लिश नाव घेतलं व माय!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या हातातला मठ्ठ्याचा ग्लास तसाच राहिला. टायगर, लेमन, विंडो, अंकल… हे तर आपले! अंगातलं रक्त गोठणं म्हणजे काय, ते मला भर उन्हाळ्यात, पंगतीत बसून कळलं.

मी समोर पाहिलं. समोरच्या ओळीत धनराज मास्तर. त्यांचा घास अर्ध्यावर थांबलेला. डाव्या हाताची बोटं हलत होती. ते मोजत होते! आठ… नऊ… दहा… मग ते ताडकन उठले आणि ओरडले, "वन्स मोअर!"

"नाई!" मी ओरडलो.

"अहो, लाजू नका जी, बायकोनं नाव घेतलं तुमचं!" माझ्या शेजारचे काका म्हणाले आणि त्यांनी माझा खांदा धरून मला खाली बसवलं.

वंदनाने पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश. एकेक शब्द सुटा करून. चार जण मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. संपल्यावर मास्तर खरकटे हात तसेच घेऊन मांडवाबाहेर पळाले.

मी मोबाइल काढला. पैसे ताबडतोब दुसऱ्या तिजोरीत हलवायला हवे होते. रेंज? शून्य! त्या गावात माझ्या सिमला रेंज मिळत नाही. मास्तरांच्या सिमला मिळते. मी वंदनाचा हात धरला आणि तिला मोटारसायकलवर बसवलं.

"अवो, काय झालं? मायं नाव आवडलं नाई काय?"

"किल्ली हाये थे! किल्ली! माइकवर सांगते काय कोनी?"

"अगं माय!" ती म्हणाली आणि तिने माझी कंबर घट्ट धरली.

सिंदेवाहीच्या रस्त्यावर एक चढ आहे, तिथे रेंज सापडते. चढ दोनशे हातांवर आला आणि समोर गाड्यांची रांग. वनरक्षक हात आडवा करून उभा होता.

"वाघीण हाये रस्त्यावर. पिल्लंबी हायेत. गाडी बंद करा."

"भाऊ, लय अर्जंट काम हाये जी!"

"मंग जा ना समोर," तो म्हणाला.

मी गाडी बंद केली. वाघीण डांबरावर पाय पसरून बसली होती. अर्धा तास हलली नाही. त्या अर्ध्या तासात मला एक विचार सुचला, आणि तो इतका सुंदर होता की मी स्वतःच हादरलो. पैसे चोरीला गेले, तर बरंच होईल की! घोरपड घसरली हे कुणाला कळणारच नाही. चाळीस गेले, ऐंशी गेले, सगळं चोराच्या माथी! मी तिथल्या तिथे गळा काढला.

"गेले, वंदना! दुप्पट झाले होते व आपले पैसे! गेले सारे!"

वंदना हळूच म्हणाली, "मायीच चूक झाली. पडवीतली जागाबी साफ करून ठेवली होती मी." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. खरं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. पण तेवढ्यात वाघीण उठली, आणि मी पुन्हा भ्यालो.

चढावर रेंज आली. मी तिजोरी उघडली. वंदना माझ्या खांद्यावरून पाहत होती. मी तोंड रडवेलं करून तयारच होतो. आकडा आला, अकरा हजार!

मी डोळे चोळले. सकाळी साडेसहा हजार होते. चोर आला होता आणि साडेचार हजार ठेवून गेला होता? एवढ्यात मांडवातून मास्तरांचा मेसेज आला. मला झाकता येण्याआधीच वंदनाने तो मोठ्याने वाचला:

"प्रमोदभाऊ, कोडं सुटलं. इंग्रजी शब्द मोजले, बरोबर बारा निघाले. उत्तर बरोबर हाये काय, एवढंच पाहाले आत गेलो होतो. पन आतली शिल्लक पाहून जीव गलबलला. तुमी आमाले येवढा चहा पाजत होते! मंडळाकडून थोडी मदत टाकली हाये. वहिनीले सांगू नका."

वंदनाने डोळे पुसले. आता त्यांत पाणी नव्हतं.

"ऐंशी हजारवाल्याले मदत कायले?"

"मास्तरनं टाकाच्या आधी किती होते?"

नुकतेच जमा झालेले साडेचार हजार पडद्यावर दिसतच होते; हे कोडं तिने माझ्या मदतीशिवाय, उभ्या उभ्या सोडवलं. मी रस्त्याकडे पाहिलं. वाघीण परत यावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. वंदनाने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, स्वतःच्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चला. बाकीचं घरी." बाकीचं घरी काय झालं, ते मी लिहीत नाही. शेजाऱ्यांनी ऐकलेलं आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. इतके दिवस मी लोकांना सांगत फिरलो की माझ्यावर विश्वास ठेवा, पैसे लावा. माझी खरी परिस्थिती डोळ्यांनी पाहून माझ्यात पैसे गुंतवणारा माणूस आजवर एकच भेटला, आणि तोही कुलूप उघडून आत शिरलेला!