उरलेली अर्धी पोळी

ताटावर तुम्ही हात आडवा धरलात, तर ती डाव्या हाताने तो बाजूला करायची आणि उजव्या हातातली पोळी वाढून मोकळी व्हायची. "घ्या न बाप्पा, अजून एक. पोटाले काय कुलूप लावलं?"

राजापेठेतल्या आमच्या गल्लीची ती आत्या. मी तिचा शेजारी, शाळेत खेळाचा शिक्षक. गळ्यात शिट्टी आणि शिट्टीच्या चार बोटं पुढे पोट.

तिचा भाचा माझ्याच शाळेत, नववीला. गावाकडे कापसाने लागोपाठ दगा दिला, तेव्हा भावाने त्याला तिच्याकडे शिकायला ठेवलं होतं. "आला तवा नुसत्या बरगड्या होत्या, मास्तर. आता एक तरी दाखवा!" गावाहून आई आली की पोराच्या गुबगुबीत गालांवरून हात फिरवायची आणि भरल्या डोळ्यांनी आत्याकडे बघायची. त्या नजरेसाठी आत्या दिवसभर गॅसपाशी उभी.

लठ्ठ मुलांसाठी मी सकाळी धावण्याचा वर्ग काढला, तर ही डबा घेऊन कुंपणाशी हजर! "धावून धावून माहा पोट्टा वाळून जाईन न!" मी तिला चांगलं ठणकवायला गेलो. परत आलो तेव्हा माझ्या मिशीला शिरा लागलेला होता. सगळ्यात जास्त भाचाच हसला.

पुढे तो वर्गात सारखा पाणी पिऊ लागला, बाकावर झोपू लागला. एका सकाळी मैदानातच कोसळला. आत्याने आणि मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "याला शुगर आहे."

"शुगर? या एवढ्याशा पोराला?" मी ओरडलोच. माझ्या लेखी ते म्हाताऱ्यांचं दुखणं.

आत्या भिंतीला टेकली. "म्हंजे मी याले जेवू घालून मारून राहिली होती काय?"

डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुमचीही तपासून घ्या."

"मले काय धाड भरली?" तिचा जुना ठसका ऐकून मला हायसं वाटलं. मी हसलो.

शिरा बंद झाला, दह्यात बुडवलेला गिलावडा बंद झाला. भाच्याला घेऊन ती मैदानाला फेऱ्या मारू लागली. ताटात पोळी यायची ती मोडून. "अर्धीच घे, बाप्पा." पोरगा वजनाने उतरत गेला, हुशारला. मी शाळेत त्याचा दाखला असा द्यायचो, जणू सगळी माझ्या शिट्टीची करामत.

उरलेली अर्धी कुठे जाते, हे आम्ही कुणी विचारलं नाही. अन्न टाकवत नाही म्हणून ती ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन घ्यायची. शिळा भात, उरलेलं गोडधोड, सगळंच.

काही वर्षांनी तिच्या पायाला साधी ठेच लागली. जखम भरेना, काळी पडत गेली. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी आमच्याकडे रागानेच पाहिलं. "इतकी शुगर! इतकी वर्षं घरात कुणाला कळलं नाही?"

भाच्याने मान खाली घातली. खेळाच्या मास्तरांनी तर शिट्टीच खिशात घातली. महिन्याच्या आत आत्या गेली.

तेरवीला पंगतीत भाचा वाढत होता. माझ्या ताटाशी आला, सवयीने पोळी मोडली, अर्धी वाढली. दुसरी अर्धी हातात धरून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत तसाच उभा राहिला.