सुभेदारांचा ‘कीन’

एका शब्दासाठी तुम्ही कधी जळला आहात का? कोरेगावातले आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार, लष्करातून ‘कीन’ हा इंग्रजी शब्द घेऊन आले होते. विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवून म्हणायचे, “कीन हाय!” हुशार, उमेदीच्या माणसालाही तोच शब्द, पण क्वचितच. दुष्काळात मी चौकात पाण्यासाठी तासभर पेटून बोललो. ते म्हणाले, “आवाज लय मोठा हाय गड्या.” तेवढ्यात मागून एक मुलगी उठली, “भाषण झालं न्हवं? मग मोर्चा कवा काढायचा?”

सुभेदार ताडकन उभे राहिले. “कीन हाय पोरगी!”

त्या मुलीवर मी अजून जळतो. आता मी सांगलीत असतो. कोरेगावला गेलात तर हे सुभेदारांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणाले तेवढं कळवा. लिहिणाऱ्याचं नाव मात्र आधी सांगू नका.