न वाळलेला डाग

आमचे मामा शिंपी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप हातात घ्यायच्या आधीच त्याची कंबर किती ते सांगणार, आणि बरोबर सांगणार. पण स्वतःच्या कमरेच्या बाबतीत त्यांची अक्कल कुठे गेली होती, देव जाणे!

डॉक्टर म्हणाले होते, "तेल-लोणी जरा कमी करा." मामांनी बंदच केलं. थेंबसुद्धा नाही! उकडलेल्या भाज्या, कोरडा पाव आणि मामीनं गच्चीवर पाळलेल्या मधमाश्यांनी आणलेले परागकण, रोज दोन चमचे. "फुलांची धूळ ती! त्यात कसली आलीय चरबी?" सहा महिन्यांत हातापायांच्या काड्या झाल्या, कातडी कोरडी पडली. आणि हे आपले स्वतःची पँट कमरेत चौथ्यांदा आत घेऊन मिरवतायत! परवा कापड बेतताना हातातून कात्री गळून पडली, तेव्हा मामीचा धीर सुटला.

"अहो, मधमाश्यासुद्धा पिल्लांना नुसत्या मधावर वाढवत नाहीत. पराग भरवतात. त्यातही चरबी असते."

"काहीतरीच!"

मामीनं वाद घातला नाही. चमचाभर पराग कुटले, मामांच्याच मेजावरच्या पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळले आणि वरून गरम इस्त्री दाबली. उघडलं तर पिवळा डाग, भोवती ओलसर कड.

"ओल असेल," मामा म्हणाले. "वाळेल."

"वाळू दे की."

मी तिथेच चहा पीत बसले होते. दुपारभर मामांचं शिवणात लक्ष कमी, डागाकडे जास्त. मशीनच्या तेलाचे डाग काढण्यात पस्तीस वर्षं घालवलेला माणूस तो! शेवटी तुकडा खिडकीपाशी धरला, अजून न वाळलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तेलच आहे गं," ते हळूच म्हणाले. "म्हणजे रोज चरबी खात होतो मी? आणि काही झालं नाही?"

"दोन चमच्यांत असून असून किती असणार? तेवढ्यावर भागतं होय? अंगाला थोडी लागतेच ती." आणि एकदम तिला रडूच फुटलं. "तुमच्याकडे बघून भीती वाटते हो मला."

तिनं पुढे केलेले तेलकट अक्रोड मामांनी एकेक करून खाल्ले. मग खुंटीवरची पँट काढली, चष्मा चढवला आणि कमरेची शिवण उसवायला घेतली.

"एक घडी सोडू?"

"चारही सोडा," मामी नाक पुसत म्हणाली.