करदोट्याला बांधलेला पेनड्राइव्ह

आमच्या मुरबाडच्या दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट पासवर्ड घातलेल्या फायलींतून येतात. किन्हवलीहून एसटीने येणारा ऑपरेटर आम्हाला पाठ फिरवायला लावायचा आणि काळ्या स्क्रीनवर फायली उघडायची कमांड आणि पासवर्ड मारायचा. एकदा तो तापाने घरी राहिला, तर दिवसभर एकही रिपोर्ट उघडला नाही.

बरा झाल्यावर त्याने पासवर्डसकट सगळी कमांड पेनड्राइव्हवर लिहिली. पेनड्राइव्ह लावला की फायली आपोआप उघडायच्या. तो त्याने कॉम्प्युटरशेजारच्या खिळ्याला टांगला.

"सिस्टर, आता माज्यासाटी कोनी खोळंबायचं नाय."

पण तो सारखा खिळ्याकडे बघायचा. "कोनी नेला तर?" आठवड्यात पेनड्राइव्ह त्याच्या करदोट्याला गेला.

आज एसटी आली, त्यात तो नाही. बाकावरची बाई तिसऱ्यांदा विचारतेय, "पोरीचा रिपोर्ट उघडला का?" मी रिकाम्या खिळ्याकडे बघतेय.