वाटणीतला रंधा

साताऱ्याला माझ्या सासरी माझे दोघं भाऊ यायचे ते जोडीनंच. गेल्या महिन्यात सर्व्हिस मोटारीतून धाकटा बापू एकटाच उतरला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच मला कळलं... थोरला नाना गेला होता.

रडले. पण नाना आठवला की आधी हसूच येतं. दोघंही सांगलीत सुतारकाम करायचे, आणि हट्टीपणात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. लढाईच्या दिवसांत वेगळे निघाले, तेव्हा घर, शेड, लाकूड सगळं गोडीत वाटलं. अडलं ते वडिलांच्या, लाकूड तासायच्या रंध्यापाशी. शेवटी नानानं लाकडी ठोकळा घेतला आणि बापूनं त्यातलं पोलादी पातं! एकाविना दुसरं काय कामाचं, हे सांगणार कोण? लढाईमुळं बाजारात विलायती पाती मिळेनाशी झाली होती. नानानं मोटारीच्या स्प्रिंगचा तुकडा लोहाराकडून ठोकून आणला. तो जुन्या खाचेत पाचर मारूनही थरथरायचा. बापूनं ओल्या बाभळीचा नवा ठोकळा केला, तो उन्हाळ्यात पिळला. दोघांच्याही फळ्यांवर लाटा उठायच्या आणि दोघंही 'झकास चाललंय' म्हणायचे. एकमेकांशी मात्र बोलत नव्हते. माहेरपण म्हणजे मला दोन्हीकडे जेवायचं नि दोन्हीकडे गप्प बसायचं. जीव तुटायचा.

एका खंडेनवमीला बापू आंघोळीला गेला तशी मी ते पातं पदराखाली घेतलं आणि तडक नानाच्या घरी जाऊन हत्यारांच्या पूजेत मांडलं, वर हळदकुंकू वाहिलं. पाठोपाठ बापू ओल्या डोक्यानं आला.

"नाना, माजं पातं दे."

"पूजेतलं हत्यार दसऱ्याबिगर हालवायचं न्हाई, ठावं हाय न्हवं? छाती आसंल तर तूच उचल."

त्याची छाती होईना, आणि पातं सोडून जाववेना. तिथंच जेवला, तिथंच झोपला. दसऱ्याच्या सकाळी नानानं नवी पाचर तासली, बापूनं पातं बसवलं. पहिलाच छिलका फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाला, आणि दोघं पोरांसारखे हसत सुटले. मला तेवढंच हवं होतं. पुढं चुली वेगळ्या राहिल्या, काम एका शेडात. रोज पातं बापू बसवायचा आणि नाना म्हणायचा, "लय पुढं आलंय, जरा मागं घी." बापूनं एकदाही ऐकलं नाही.

सांगलीत नानाचं तेरावं झाल्यावर मी शेडात डोकावले. बापू रंधा हातात धरून नुसता उभा होता.

"काय झालं रं?"

"काय न्हाई, आक्का. जरा पुढं आलंय..."

त्यानं रंध्याच्या मागच्या टोकाला हलकेच हातोडी मारली आणि पातं केसभर मागं घेतलं.