कापलेले खुंट

मी सुतार माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर हसतच आलो. दार आपोआप वाजतं म्हणणाऱ्याला ‘आधी बिजागरी बघा’ म्हणायचो... तरी ही गोष्ट लिहितोय.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा. आमचे भाऊजी आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टला कापडगिरणीत फिटर होते. सुट्टीवर येताना तिथल्या बाउले लोकांच्या घराचं एक जुनं कोरीव दार त्यांनी जहाजाने आणलं. एकसंध फळी, तिच्यावर भला मोठा मासा, त्याच्या तोंडात छोटा मासा. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. एका कडेला वर-खाली त्याच लाकडातून काढलेले दोन खुंट होते. वरचा चौकटीत, खालचा उंबरठ्यात भोक पाडून बसवायचा आणि दार त्यांवर फिरायचं.

नागपुरात इतवारीतल्या त्यांच्या घरी, ताईच्या खोलीला ते लावायचं ठरलं. पण ताई उंबरठ्याला भोक पाडू देईना. रोज हळदीकुंकू वाहते त्याले भोक पाडतो का गा, म्हणाली. तिचंही खरंच होतं. भाऊजी बाजारात गेले तेव्हा मी दोन्ही खुंट करवतीने कापले आणि बिजागऱ्या लावल्या. खुंट चुलीत घातले, त्यावर चहा झाला. भाऊजींनी येऊन बिजागऱ्या पाहिल्या आणि खुंट कापल्या जागेवरून अंगठा फिरवला.

पंधरा दिवसांनी भर दुपारी भाची धावत आली. ताई खोलीत निजली होती आणि दार उघडत नव्हतं. ताईला दमा, खोलीला खिडकी नाही. आतून कडी म्हणावी, तर ती मी अजून बसवलीच नव्हती. लाकूड फुगलं म्हणावं, तर नागपूरचा मे महिना — आकसून फटीत बोट जात होतं. त्या फटीतून तिचं लुगडं दिसत होतं.

“काहून गा, उघडत नाही का?” ती आतून म्हणाली.

“थांब वं ताई, काढून राहिलो.”

बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढले. आता दाराला कशाचाच आधार नव्हता... तरी ते उभंच. मी, भाऊजी, शेजारचे दोघे — चौघांनी रेटलं, ओढलं. कुऱ्हाड घातली, ती उलटून आली. चौकट फोडायला एक जण पहार आणायला पळाला. आत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. फटीतून तिचं बोट बाहेर आलं, ते धरून मी खाली बसलो. वीस वर्षं रंधा मारला, लाकूड माझं ऐकतं असा तोरा होता मला. त्या दुपारी मला काहीच करता आलं नाही, काहीच.

“रडू नको गा,” ती म्हणाली. “तुह्या हातचं हाय, पक्कंच बसन.”

मग बोट सैल पडलं. आणि दार हळूच, काही अडलंच नसल्यासारखं, माझ्या अंगावर कललं.

डॉक्टर म्हणाले, दमा. भाऊजींनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दार अजून माझ्या माळ्यावर आहे. दर मे महिन्यात खाली काढतो आणि मोजतो. त्या चौकटीपेक्षा ते बोटभर लहानच भरतं. मग ते अडलं कशात, हे मला अजून कळलेलं नाही.