तिसऱ्या चहापर्यंत मत नाही

आमच्या हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणी नुसतं "आठवतंय का गं?" टाकलं, की त्या दिवशी ऑफिसात माझं काम होत नाही. किस्से इतके साठलेत की कुठला आधी सांगावा कळत नाही.

हॉस्टेल परराज्यातलं, नारायणगुड्यातलं, पण मराठी मुलींचं. खोल्या तीन, मोठ्या. नव्या मुलीनं तिन्ही खोल्यांत चहा प्यायचा, मग तिनं आवडत्या खोलीची चिठ्ठी द्यायची आणि खोल्यांनी आवडत्या मुलींची. वॉर्डनकाकूंचा नियम एकच: "तिसरा चहा होईपर्यंत कुणी मत बनवायचं नाही." हे फक्त काकूंनाच जमायचं.

माझंच बघा. चुलतबहिणीनं बजावलं होतं, "तळमजलाच घे, गच्चीवरची खोली म्हणजे भट्टी." मी तळमजल्यावर गोडगोड हसले आणि गच्चीवर चक्क जांभई दिली. तळमजल्यानं मला घेतलंच नाही. गच्चीवाल्यांनी घेतलं. का, विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभरात तेवढी एक जांभईच खरी वाटली."

पुढच्या वर्षी आम्ही निवडणाऱ्या. आदिलाबादच्या एका मुलीसाठी स्वागताचं गाणं बसवलं. ती सगळा वेळ पंख्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "अक्का, हा आवाज कवापासून करतो?" 'आगाऊ आहे' म्हणून आम्ही तिला घेतलं नाही, मधल्या खोलीनं घेतलं. एप्रिलात चटया घेऊन आम्ही सगळ्या मधल्या खोलीत झोपायला. त्यांचा पंखा तिनंच दुरुस्त केला होता.

एकीची आई सोबत आली, शेंगदाण्याची चटणी घेऊन. मुलगी गप्प, आई झकास. आम्ही चिठ्ठीवर आईचं नाव लिहिलं. काकू म्हणाल्या, "आईला बेड देता येत नाही. मुलगी घ्या." घेतली. दिवाळीपर्यंत ती बोलली नाही. आता फोन ठेवत नाही. फार जीव आहे माझा तिच्यावर.

आणि प्रज्ञा. परभणीकडची. ती आली त्या वर्षी खोलीची मोठी मी, पण मत चालायचं माझ्या खोलीतल्या रेखाचं. चिठ्ठीत नाव न आलेल्या मुलीला काकूंच्या स्वयंपाकघरालगतची लहानशी, एकटीची खोली मिळायची. आदल्या वर्षी तिथली मुलगी महिन्याभरात कॉलेज सोडून घरी गेली होती.

प्रज्ञानं प्रत्येक खोलीत चहा आला की पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढला. खालच्या दोन्ही खोल्यांनी तिचं नाव खोडलं. आमच्याकडंही तिनं तेच केलं. रेखा तिच्यासमोरच म्हणाली, "हिला आपले कप चालत नाहीत, मग आपण कशा चालणार?" मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तरी चिठ्ठी लिहिण्याआधी विचारलं, "गिलास का गं?"

ती खाली बघत म्हणाली, "आईनं दिलाय. म्हणली, तिकडं कुणी तुझा कप बाजूला ठेवायच्या आधी तूच आपला गिलास काढ."

रेखा उठली, प्रज्ञाच्या हातातला गिलास घेतला आणि त्यातला चहा दोन घोट प्यायली.

"साखर कमी पडलीय," ती म्हणाली आणि स्वतःचा अर्धा प्यालेला कप तिच्या हातात दिला. "हा घे. यात बरोबर आहे."